यात्रेच्या दिवशी ठरलेली पाहणी

दीपमाला वकिलीणबाईंचं नाव काढलं की गावात दोन घरं तोंड वाकडं करतात. एक तिच्या चुलत दिराचं, वीरधवलचं, आणि दुसरं हरणाबाईचं. या दोन घरांचं जन्मात कशावर जमलं नाही. दीपमालाला शिव्या घालण्यावर मात्र एकमत आहे.

दीपमाला पाटणच्या तहसील कचेरीत वकिली करते. मोठ्या कोर्टातले वकील या कामाला हसतात. हसू देत. बांध कुणाचा, पाटाचं पाणी कुणाचं, रस्ता कुठून, हे सगळं तहसीलदारासमोरच ठरतं आणि माणसं त्यापायी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचं तोंड बघत नाहीत. नवरा शिवतेज फौजेत, घरात सासू लीलाबाई. सुनेनं वकिली करावी ही हौस सासूचीच.

हरणाबाई विधवा. तिचं रान वीरधवलच्या रानामागं आणि वाट त्याच्या रानातून. दिवाळीनंतर वीरधवलनं ती वाट नांगरली आणि वर उसाची लागण करून मोकळा झाला. हरणाबाईचा ऊस तोडणीला आलेला. ट्रॅक्टर आत जाणार कुठून? बाई एकटी कचेरीत गेली आणि रस्त्यासाठी अर्ज देऊन आली. वीरधवलनं दीपमालाला न विचारताच तिचं नाव आपला वकील म्हणून सांगून टाकलं. भावकीत विचारायची पद्धत नाही.

दीपमालानंही वकीलपत्र घेतलं. वाट हक्काची नाही, आपण माणुसकीनं जाऊ देत होतो, असं त्याचं म्हणणं. ते मांडण्यासारखं होतं आणि ती ते जीव तोडून मांडणार होती.

तहसीलदार साहेबांनी रानात येऊन वाट बघायची, त्या पाहणीची वेळ आली तेव्हा वीरधवलनं फोन केला. "वयनी, सायबास्नी म्हणावं, माघातल्या पुनवंला या. आमाला त्योच दिस सवडीचा हाय." तिनं तोच दिवस मागितला. साहेबांनी दिला. इतकी वर्षं या गावात नांदून त्या पुनवेला काय असतं हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि याबद्दल ती स्वतःला अजून माफ करत नाही.

पाहणीला ती रानात पोचली, तर आंब्याखाली चुली पेटलेल्या. बोकड कापलेलं. साहेब वीरधवलच्या जीपमधून उतरले, खुर्ची वीरधवलच्या घरची, आणि पंच म्हणून उभे राहिलेले सगळे वीरधवलच्या उसावर पोसलेले. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पाहणी म्हणजे ज्याच्या घरात बळ त्याच्या घरचं जेवण, असंच तिकडं चालतं. हरणाबाईचा पत्ता नव्हता.

"बाई कुठाय?" दीपमालानं विचारलं.

वीरधवल तिला बाजूला घेऊन खदखदून हसला. "माहेरच्या यात्रंला गेलीया, तासगावाकडं. दरसाल चार दिस आदी जाती, भावाच्यात सैपाकाला. कोतवालानं नोटीस बंद दारावर डकवलीया. म्हणून तर त्यो दिस मागाय लावला तुमास्नी!"

दीपमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा डाव तिच्याच तोंडून खेळला गेला होता. कागद सगळे बिनचूक होते, हीच तर खरी चीड आणणारी गोष्ट. साहेब नांगरलेलं रान बघणार, पंच वाट नाही म्हणणार, आणि हरणाबाई यात्रेहून येईपर्यंत तिचा रस्ता संपलेला असणार.

पण वीरधवल जे बोलला ते अशिलानं वकिलाला सांगितलेलं होतं. ते तोंडाबाहेर काढायची सोय नव्हती. ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, अर्जदार बाई हजर नाहीत. पाहणी आज करू नये. पुढची तारीख द्यावी."

"नोटीस बजावलीय की. आणि तारीख तुम्हीच मागितली होती."

"होय. पुढचीही मीच मागतेय. त्यांच्या समोर व्हावं."

"कारण?"

"एवढंच कारण आहे, साहेब."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग बोकडाच्या चुलीकडं पाहिलं, आणि पंचनाम्याचे कागद पिशवीत घातले.

वीरधवल सगळ्यांदेखत ओरडला, "वयनी, तुमी वकील कुणाच्या?"

"तुमचीच."

"थुत् तुमच्या वकिलीवर!"

पंगत बसली. तिला कुणी पान वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी वीरधवलनं वकीलपत्र काढून घेतलं आणि सांगलीचा मोठा वकील आणला. त्या साली भावकीतल्या एकाही लग्नाची पत्रिका दीपमालाच्या उंबऱ्याला लागली नाही.

हरणाबाई यात्रेहून आली ती थेट तिच्या दारात. "बाई, आता माझं वकीलपत्र तुमीच घ्या. त्येच्या पोटातलं समदं तुमास्नी ठावं हाय."

"म्हणूनच घेता येणार नाही, काकू. दुसरा वकील बघा."

"म्हंजी तुमी त्येच्याच!" हरणाबाई ताडकन उठली.

दुसरी पाहणी महिन्यानं झाली. आता हरणाबाई हजर होती आणि वाडीतल्या चार म्हाताऱ्यांना घेऊन आली होती. ती समोर उभी, म्हणून त्या म्हाताऱ्यांनाही धीर आला. तिच्या सासऱ्याची गाडी याच वाटेनं जायची, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. सांगलीच्या वकिलानं आकाशपाताळ एक केलं. रस्ता हरणाबाईला मिळाला.

पण तोवर कारखान्याची तोडणीची पाळी टळून गेली होती. उसाला तुरे आले, वजन घटलं. ट्रॅक्टर त्या नव्या रस्त्यानं वाळका ऊस घेऊन निघाला तेव्हा हरणाबाईनं तो दीपमालाच्या दारात थांबवला. वीरधवलनं तोवर गावभर करून ठेवलं होतं की साहेब त्या दिवशी रस्ता द्यायलाच आले होते, वकिलीणबाईनंच माघारी धाडले.

"बघ गं, लीलाबाई, बघ!" हरणाबाई किंचाळली. "सायेब बांदावर आला हुता. हिनं तारीक पुडं ढकलली. माझा ऊस वाळवला हिनं!"

लीलाबाई पदर सावरत बाहेर आली. रस्त्यावर माणसं जमली. त्यांत वीरधवलही होता, मिशीत हसत. त्याला ठाऊक होतं की ही बाई बोलणार नाही. तिच्या याच गुणावर तो आता तिला नागवी करत होता.

"खरं हाय का गं?" सासूनं विचारलं.

एक वाक्य पुरलं असतं. यात्रेचा दिवस कुणी निवडला, एवढंच. दीपमालानं वीरधवलच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. हसता हसता तोच थबकला.

"खरं आहे, आत्या," ती म्हणाली. "तारीख मीच मागितली."

हरणाबाई तिच्या पायापाशी थुंकली. लीलाबाई आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. सून अजून बाहेरच उभी होती.