आईने खाल्लेले पेढे

आईने माझ्या लग्नासाठी पेढे खाल्ले. तिला शुगर होती.

आज तिचं वर्षश्राद्ध झालं. मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहिते.

आम्ही लखनौचे मराठी. बाबा एका रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, घर अलीगंजला. २००३-०४ साल असेल. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. पाहुणे नागपूर-पुण्याहून यायचे, बाबा त्यांना घ्यायला चारबाग स्टेशनवर जायचे.

इकडे आई आपल्या गोळ्या पिठाच्या डब्यामागे सरकवायची.

"आईला आहे म्हणजे मुलीला होणारच, असं लोक धरतात," म्हणायची.

मग पाहुण्यांसमोर हसत पेढा खायची. आग्रह झाला तर दुसराही.

ते गेले की भर उन्हात गल्लीत फेऱ्या.
शेजारच्या आंटी गेटमधून विचारायच्या, "भाभीजी, रिश्ता पक्का हुआ कि नहीं?"
"देखते हैं," म्हणत आई चालतच राहायची.

शेवटी लखनौतच जमलं. वृंदावन योजना या कॉलनीतलं मराठी घर. होकार झाला त्या दिवशी आई आणि सासूबाईंनी एकमेकींना पेढा भरवला. अख्खा. फोटो आहे.

पुढे मला दिवस गेले. मी सव्वीसची, सडपातळ, कधी आजारी नाही. तरी डॉक्टरांनी ग्लुकोजचं पाणी पाजून टेस्ट केली. उपाशीपोटीची शुगर ठीक होती. नंतरची खाली यायला तयार नव्हती.

"फॅमिली में किसी को शुगर है?"

माझ्या एका बाजूला आई, एका बाजूला सासूबाई. दोघी भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडे बघत होत्या.

"आई, सांग ना," मी म्हटलं.

"मुझे है," आई हळूच म्हणाली. "कई साल से."

सासूबाईंनी पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "मुझे भी."

आई बघतच राहिली. "अहो, मग त्या दिवशी तो पेढा?"
"तुम्ही नाही का खाल्लात? वर मला भरवलात!"
"नको म्हणायचं होतं."
"आणि मुलाचं लग्न मोडायचं?"

डॉक्टरसुद्धा हसल्या. मला हसू आलं नाही. खूप थकल्यासारखं झालं. त्यांनी माझ्या केसपेपरवर लिहिलं, बाळाला शुगर दोन्हीकडून.

मुलगी सुखरूप झाली. माझी शुगर उतरली. दरवर्षी तपासते. मुलीलाही घरातल्या शुगरचं सांगून ठेवलंय.

आईने त्यानंतर गोळ्या लपवल्या नाहीत. पण किडनी गेली. शेवटी डायलिसिस, घर, डायलिसिस. पेढ्यांनी नाही, इतक्या वर्षांच्या शुगरने, असं डॉक्टर म्हणाले. मला कळतं. तरी मिठाईच्या दुकानावरून जाताना मी दुसरीकडे बघते.

आज पानात काय वाढायचं ते चाललं होतं. मुलगी म्हणाली, "नानी को तो पेड़ा पसंद था ना? फोटो में खा रही हैं."

सासूबाई म्हणाल्या, "पेढा नको गं. त्या बाईने पुरे खाल्ले."

मग त्यांनीच मटकीची उसळ केली. तिखट, आईला आवडायची तशी.

आई, आता कुणी बघायला येणार नाही.
आराम कर.