कोळशाची रेषा

ओल्या चुन्याचा वास थंड असतो. पौषातल्या सकाळी, तळ्यावरचं धुकं अजून पाण्याला चिकटून असताना, मी बादलीत चुना कालवून मोहाच्या राईत रेषा ओढत फिरायचो, तेव्हा तो वास बोटांतून नाकात आणि नाकातून थेट डोक्यात शिरायचा. आणि त्या डोक्यात तेव्हा स्वतःविषयी फार चांगलं मत होतं. चोविशीचा होतो. नागपूरला शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करून तुमसराकडच्या एका शाळेत लागलो होतो, करडीच्या आमच्या वस्तीतला पहिला मास्तर होतो, आणि कॅनव्हासचे बूट रोज खडूने घासून पांढरेशुभ्र ठेवत होतो. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. आजही कुठे भिंतीला चुना लागत असला की मी रस्ता बदलतो. लोकांना वाटतं, मला दम्याचा त्रास आहे.

त्या वर्षी एका शिबिरातून मी दोन प्लास्टिकच्या चकत्या घेऊन आलो होतो. शिबिराच्या शिक्षकांनी सांगितलं होतं की परदेशात झाडांच्या राईत जागोजागी टोपल्या लावतात आणि ठरलेल्या रेषेवर उभं राहून, कमीत कमी फेकींत चकती टोपलीत टाकायची, असा एक नवा खेळ निघाला आहे. एवढ्याशा माहितीवर मी शाळेत येऊन असा काही रुबाब केला की जणू तो खेळ माझ्याच देखरेखीखाली निघाला होता. मुलांनी चकतीचं नाव थाळी ठेवलं. मुख्याध्यापकांना कल्पना आवडली. जानेवारीच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थी, शिक्षक आणि गावकरी सगळ्यांना खेळता येईल असं छोटंसं मैदान राईत आखा, म्हणाले. बुरडाकडून बांबूच्या सहा टोपल्या आल्या, ताज्या कामट्यांचा हिरवट वास घेऊन. टोपल्या झाडांना टांगल्या. पण रेषा कुठे ओढायच्या, ते काही केल्या जमेना.

मी टेप घेऊन मोजमाप केलं होतं. प्रत्येक टोपलीपासून जवळ एक पांढरी रेषा नवशिक्यांसाठी, मध्ये गेरूची सराईतांसाठी, सर्वांत लांब कोळशाची तरबेजांसाठी. कागदावर ते फार नेटकं दिसे. प्रत्यक्षात लहान मुलं पांढऱ्या रेषेवरूनही हरत आणि कंटाळत, आणि मोठी पोरं काळ्या रेषेवरून नुसतं बळ लावून थाळी तळ्यात घालवत. दिवाळीच्या सुट्टीत करडीला गेलो तो हाच कागद घेऊन, आणि विहारामागच्या मोकळ्या जागेत एक जुनी टोपली टांगून आपला चकती फेकत बसलो. मावशी ओसरीवरून बघत होती.

आई गेल्यावर मला मावशीनेच वाढवलं. मावसे लवकर गेले. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभं राहून धानाच्या रोपांच्या पेंढ्या खाली चिखलात रोवणाऱ्या बायकांपुढे फेकायचं त्यांचं काम, एरवी गडीमाणसांचं, त्यांच्यामागे मावशीने घेतलं आणि पंचवीसएक वर्षं केलं. ती बघता बघता उठली, माझ्या हातातून चकती घेतली, तिचं वजन तळव्यावर तोललं आणि मनगटाच्या एका हलक्या झटक्याने ती टोपलीत टाकली. मग कागद मागितला. वाचता येत नव्हतं, पण रेघा समजत होत्या.

"लहान्यासाठी जवळ, मोठ्यासाठी दूर, एवढंच करून राहिलास का?" ती म्हणाली. "नवी सून रोवाले आली का तिची पेंढी तिच्या हाताजवळच पडली पाहिजे, बाबू. पेंढी धुंडाले तिले उभं व्हा लागलं, का बाकीच्या हासतेत. जे बाई तरबेज हाय तिले दूर फेकली तरी चालते, ते सरकत सरकत जाते तिथवर. सगळ्यायची ओळ संगंच सरली पाहिजे. ते फेकणाऱ्याच्या हाती असते."

डिसेंबरातल्या एका रविवारी मी तिला शाळेच्या राईत घेऊन आलो. सुट्टी असल्यामुळे चिटपाखरू नव्हतं, आणि ते मला बरंच वाटलं होतं, हे आज कबूल करतो. पानगळ सुरू झाली होती. अनवाणी पायांखाली मोहाची पानं करकरत होती, आणि फांद्यांतून उतरणारं ऊन तिच्या विटक्या लुगड्यावर कवडशांनी सांडत होतं. ती प्रत्येक टोपलीभोवती फिरे, वाके, एका डोळ्याने बघे. लहानांच्या आणि टोपलीच्या मध्ये एकही खोड येता कामा नये, असं तिचं म्हणणं. मोठ्यांना मात्र लांब नेऊ नकोस, आडोशाला ने, म्हणजे त्यांना बळाऐवजी अक्कल वापरावी लागेल. शेवटच्या टोपलीपाशी तर तिने काळी रेषा गेरूच्या रेषेहून जवळ आणली, पण अशा जागी की समोर मोहाचा जाडजूड बुंधाच उभा. सहा टोपल्यांच्या अठरा रेषा. अठराही जागी मावशीने दगड ठेवले. मी नंतर त्यांवरून नुसता चुना, गेरू आणि कोळसा ओढला.

"आन कोणी कुठं उभं राहाचं, ते तू नोको सांगू," ती म्हणाली. "ज्याचं त्याले ठरवू दे."

मग ती काळ्या रेषेच्या शेवटच्या दगडावर जाऊन उभी राहिली. चकती तिच्या हातून खाली, जमिनीसरशी सुटली, बुंध्याला वळसा घालून वर चढली आणि टोपलीत जाऊन बसली. ती लहान मुलीसारखी हसली. म्हणाली, "एवढी वर्सं फेकलं, पण कोणी पायलं नाई. रोवणाऱ्या बायायच्या माना खालीच राह्यतेत. तुह्या जलशाच्या दिशी मी इथूनच फेकीन. येक डाव लोकायले पाहू दे."

मी हो म्हणालो. त्या क्षणी ते खरंच होतं.

संमेलनाच्या दोन दिवस आधी मुख्याध्यापकांनी नीटनेटकी यादी मागितली, कोण कोणत्या रेषेवरून खेळणार त्याची. मी ती सुवाच्य अक्षरात करून दिली. शिक्षक आणि पाहुणे, काळी रेषा. वरचे वर्ग, गेरू. खालचे वर्ग आणि गावातल्या महिला, पांढरी. मावशीचा विचार तेव्हा मनात आलाच नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. आला होता. जिल्ह्याहून येणारे साहेब, शाळेतले सहकारी आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी यांच्यादेखत, चिखलाने भेगाळलेल्या पायांची माझी मावशी काळ्या रेषेवर उभी राहिली, सगळ्यांना हरवून गेली आणि कुणीतरी विचारलं की ही बाई कोण, तर मला उत्तर द्यावं लागेल, असा तो विचार होता. मी लिहीत गेलो. त्या यादीतलं माझं अक्षर फार सुंदर आलं होतं.

संमेलनाच्या दिवशी मावशी पहाटेची एसटी धरून आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं, केसांना तेल, कपाळावर लख्ख ऊन. मी दुरूनच मान हलवली आणि टोपल्या बघण्याचं निमित्त करून दुसरीकडे वळलो. खेळ छान रंगला. पाचवीतल्या मुलांच्या थाळ्या टोपलीत पडत होत्या, मोठी पोरं बुंध्यांशी झगडत होती, आणि सगळे जवळजवळ एकाच वेळी शेवटच्या टोपलीशी पोचत होते. साहेब खूष झाले. त्यांनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "लहानमोठ्यांना एकत्र खेळवण्याची ही आखणी कुणाची हो? फार विचार केलाय."

मावशी चार पावलांवर, बायकांच्या रांगेत उभी होती. "माझीच, साहेब," मी म्हणालो. "शिबिरात शिकलो त्याच्या आधारे."

कान तिचे तिखट होते. तिने ऐकलं, हे मला तिच्याकडे न बघताही कळलं. मग तिची पाळी आली. ती रांगेतून निघाली ती सरळ काळ्या रेषेकडे, पदर खोचत, अगदी सहज, रोजच्या धुऱ्यावर चढावं तशी. मुख्याध्यापकांनी यादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळं माझ्याच हाती होतं. नुसतं गप्प राहिलो असतो तरी पुरलं असतं.

"बाई," मी म्हणालो, "तुम्ही पांढऱ्या रेषेवर या."

जन्मात मी तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. ती थांबली. माझ्याकडे एकदा पाहिलं, माझ्या शेजारी उभ्या साहेबांकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर राग यावा तिथे मला सगळं कळून चुकल्याची समजूत आलेली दिसली, आणि ती मला आजही सोसत नाही. ती निमूट पांढऱ्या रेषेवर आली. क्षणभर चकती तळव्यावर तोलली आणि मागे उभ्या असलेल्या एका पोरसवदा सुनेच्या हातात दिली. "माह्यानं नाई होत," ती म्हणाली. "तू फेक, बेटा." लोक जरासे हसले. मीही हसलो.

जेवणाच्या पंगतीला ती नव्हती. दुपारी समारंभ आटोपला तसा मी सायकल काढली. करडीपर्यंत दोन तास पायडल मारत मी एकच वाक्य जुळवत होतो: मावशी, चुकलो. वाऱ्यावर ताज्या गुळाचा वास होता, कुठेतरी उसाचं गुऱ्हाळ लागलं होतं, दिवस कलत होता, आणि जसजसं गाव जवळ येत होतं तसतसं ते वाक्य तोंडात सोपं होत होतं. माफी मागितली की सुटलो, असा माझा हिशेब.

अंगणात चूल पेटलेली होती. शेजारच्या चार बायका बसल्या होत्या, आणि मावशी त्यांना दिवसभराचं सांगत होती. टोपल्या कशा टांगल्या, पोरं कशी धावली, साहेबाने कसा हात मिळवला. मला पाहून तिने पाट मांडला, ताट वाढलं, आणि सांगणं सोडलं नाही.

"सगळं याच्याच डोक्यातलं," ती म्हणाली. "कोणती रेघ कुठं, कोणासाठी किती, सगळं यानंच काढलं."

"आन तू नाई फेकलं काय वं? काहून?" एकीने विचारलं. "साऱ्या करडीत तुह्यासारखा हात नाई कोणाचा."

"ते वेगळं असते, बाप्पा. शिकलेल्यायचा खेळ हाय तो. माह्या हात का चालते त्याच्यात?" आणि मग ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत टोचणी नव्हती, परीक्षा नव्हती. पढवलेलं नीट म्हटलं की नाही, हे मुलाने मास्तरांकडे बघून ताडावं, तशी ती बघत होती. "मी बराबर सांगून राहिली ना, बाबू?"

चौघी माझ्याकडे पाहू लागल्या. सकाळी साहेब होते, मुख्याध्यापक होते, गाव होतं. सकाळच्या माझ्या भित्रेपणाला निदान माणसं दाखवता येत होती. इथे अंगणात ज्या बसल्या होत्या त्यांतल्या दोघींनी मला लहानपणी न्हाऊमाखू घातलं होतं. त्यांच्यापुढे लपवण्यासारखं माझ्यापाशी काहीच नव्हतं. दोन तास घोकलेलं वाक्य तोंडात तयार होतं, आणि कुणीही मला अडवत नव्हतं.

"हो," मी म्हणालो, आणि तिने वाढलेला भात कालवायला लागलो.