विरजणापुरतं दही

एस्तरकाकू गेल्याचं मला ऑफिसच्या कॅबमध्ये कळलं. सॅम्युअलकाकांचा फोन होता. "सकाळी चहा घेतला आणि गेली... त्रास काही झाला नाही," एवढंच ते बोलले. नोएडात आमच्या समोरचं दार त्यांचं. दोघे मूळचे नगरचे. काकूंची सारी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारच्या कचेरीत झालेली. बोलणं फटकळ, पण नाताळातला करंज्यांचा पहिला डबा आमच्याकडे यायचा. महिना होऊन गेला, तरी लिफ्टमधून बाहेर आलं की नजर आधी त्यांच्या दाराकडे जाते.

काकूंचे आमच्यावर उपकार आहेत, आणि ते मला सांगायलाच हवेत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा नवरा समीर हॉस्पिटलमधून बरा होऊन आला, पण आमची दहा वर्षांची इरा घराबाहेर पडेनाशी झाली. आपण बाहेर गेलो तर आजार घेऊन येऊ आणि बाबांना पुन्हा नेतील, असं तिच्या मनाने घेतलं होतं. शाळा ऑनलाइन होती तोवर कॅमेरा बंद ठेवून निभावलं. शाळा उघडली तेव्हा मात्र ती युनिफॉर्म घालून उंबऱ्यापर्यंत यायची आणि तिथेच थरथरत उभी राहायची. समजावून झालं, रागावून झालं. समुपदेशक बाई स्क्रीनवरून सांगायच्या, घाई करू नका. पण धीर आमचाच सुटत चालला होता. पोर अशीच कोंडून राहिली तर, या विचाराने मला भर मीटिंगमध्ये रडू यायचं.

त्याच दिवसांत काकूंचे फोन सुरू झाले. "अगं, विरजणापुरतंसुद्धा दही उरलं नाही. इराच्या हाती चमचाभर पाठव, माझे गुडघे धरलेत." इरा मास्क लावून, वाटी लांब धरून, दोन दारांमधली जागा कशीबशी ओलांडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मराठी घरात रोज विरजण संपतं म्हणजे काय? समीर काळजीत पडला. "काकूंना विसरायला होतंय, यार. डॉक्टरांना दाखवायला हवं." पुढे तर काकू खालच्या बागेतून फोन करू लागल्या, "बाकावर बसलेय, इथेच आणून दे." गुडघे धरलेल्या काकू बागेत कशा पोचल्या आणि तिथे त्यांना दही कशाला हवं, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. मग गेटजवळ, मग स्कूलबसच्या थांब्यावर... वाटी जात राहिली.

शेवटी मी काकांना गाठलं. डॉक्टरचं नाव काढताच ते हसायला लागले. "ती बिल्कुल ठणठणीत आहे. रोज कढी खाऊन मीच आजारी पडेन." त्यांनी फ्रिज उघडला, तर आत दह्याची भांडीच भांडी. आतल्या खोलीतून काकूंनी मला दटावलं, "पोरीला सांगशील तर याद राख."

एका सकाळी थांब्यावर वाटी काकूंच्या हातात देऊन इरा बसमध्ये चढली. काकूंनी वाटी परत आणून माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "गेली. आता जरा बसून चहा पी." मी त्यांच्या दारातच रडत उभी राहिले.

काकू होत्या तोवर मी शब्द पाळला. गेल्या रविवारी मात्र राहवेना, इराला सगळं सांगून टाकलं. ती आता माझ्याहून उंच झालीय.

"मला माहीत होतं, आई. पहिल्याच आठवड्यात त्यांचा फ्रिज पाहिला होता मी."

"अच्छा? मग तरी जात का राहिलीस?"

"मला वाटलं, काकूच घाबरल्यात. बाहेर पडायला त्यांना कोणीतरी सोबत हवंय..."

तिने घड्याळ पाहिलं आणि चपला घातल्या. हल्ली संध्याकाळी ती काकांना हाताला धरून खाली फिरायला नेते.