खुर्चीचा पट्टा

“सर, बघा. पहिल्या दिवशी पाच वेळा, आज चाळीस!”

मी मॉनिटर आमच्या मोठ्या सरांकडे वळवला. साल २००८. मालवणातल्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात महिनाभराच्या ट्रायलवर रोबो आला होता. मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे तो माझ्याच ताब्यात. रोबो म्हणजे टेबलावरचा एक यांत्रिक हात. पेशंटचा लुळा हात रोबोच्या मुठीला बांधायचा आणि पुढे ढकलायला सांगायचं. जोर कमी पडला की मोटर मदत करते; मदतीशिवाय किती वेळा ढकललं, ते मॉनिटरवर दिसतं. पक्षाघाताने खांदा, कोपर, बोटं यांचा मेळ तुटतो. तीच हालचाल पुन्हापुन्हा करूनच तो जुळतो.

समोर तारकर्लीचे गंगारामकाका बसले होते. हयात होडीवर गेलेली. त्यांचं मागणं एकच, “माका माज्या उजव्या हातान जेवक येवक होया.”

सर खूश झाले. तेवढ्यात शेजारी उभी काकांची बायको, काकू, म्हणाल्या, “डॉक्टरानू, हात खंय हलता ह्यांचो? ह्ये होडयेत बसल्यासारखे आंगान वल्हवतत.”

“काकू, मशीन खोटं बोलत नाही,” मी फटकारलं. सरांसमोर मासळी विकणाऱ्या बाईने मला शिकवावं, याचा रागच आला.

बाई खरं बोलत होती. मूठ कुठवर गेली एवढंच रोबोला कळतं. ती हाताने ढकलली की कंबरेतून वाकून, हे कळत नाही. म्हणून छाती खुर्चीला बांधायला पट्टा असतो. तो मी दुसऱ्याच दिवशी काढला होता. काकांना काचतो, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे पट्टा बांधला की आकडे पडायचे.

ट्रायलच्या शेवटच्या दिवशी काकूंनी डब्यातून भात आणि बांगड्याची आमटी आणली. काकांपुढे ताट ठेवलं. हात मांडीवरून उचलेना. नुसतं अंग पुढे गेलं आणि तोंडच भाताला टेकायला आलं.

“मशिनीत जमता मां माका?” काकांनी मला विचारलं.

मी पट्टा बांधून रोबो लावला. चाळीसचे दोन झाले. पक्षाघातानंतरचे पहिले महिने सोन्यासारखे असतात. त्यातला एक मी आकड्यांपायी घालवला होता. दुसऱ्या दिवशी मशीन परत गेलं.

पुढे वर्षभर खुर्चीला चादरीने बांधून व्यायाम करून घेतला. हात टेबलापर्यंत आला, तोंडापर्यंत नाही. काका डाव्या हाताने जेवायला शिकले. लग्नाच्या पंगतीला मात्र बसत नाहीत.

आता हॉस्पिटलचं स्वतःचं मशीन आहे. आधी पट्टा बांधते, मग ते सुरू करते. घरच्या माणसाला विचारते, “तुम्हाला काय दिसतं?”

सरांना मी सगळं सांगितलं. काकांना पट्ट्याचं सांगायचं धाडस झालं नाही. “माजोच हात कमनशिबी,” ते अजून म्हणतात. मी ऐकून घेते.