लाल बटणाला घातलेला हार

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी लाइन सुपरवायझर. घरी मला मिक्सरला हात लावू देत नाहीत, तिथे मात्र सगळी मशिनं माझ्या ताब्यात. माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको त्याच लाइनवर, टॉवेल सपाट करणाऱ्या दोन रोलरांच्या तोंडाशी. मीच त्यांना कामाला लावलं, आणि हे मी प्रत्येक लग्नकार्यात ऐकवायचो.

मशीन तडक थांबवायचं लाल बटण त्यांच्या कमरेजवळ होतं. टॉवेल उचलताना धक्का लागायचा, लाइन थांबायची, मालक मला झापायचे. मी ते बटण काढून माझ्या टेबलामागच्या खांबावर बसवलं.

वहिनींनी अंतर चालून पाहिलं. "भावजी, हात आत गेल्यावर मी सात पावलं चालत येऊ व्हय?"

"हात घालायचाच कशाला?"

"तुमी डोकं घालताय की सगळ्यात."

बायका हसल्या. मी त्यांच्या चहाच्या सुट्टीतली पाच मिनिटं कापली. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी. वहिनींनी माझ्याशी बोलणं टाकलं.

खंडेनवमीला मी मशिनांची पूजा केली. लाल बटणाला झेंडूचा जाड हार, तोही दुहेरी गुंडाळून. दसऱ्यानंतर काम सुरू झालं तरी हार तसाच. पूजेचा हार हाताने काढायचा नाही, ही आमच्याकडची रीत.

दोनच दिवसांनी वहिनींचा हातमोजा रोलरांत ओढला गेला. "बटण!" एवढंच त्या म्हणाल्या. मी खांबाशीच होतो. झेंडूत बोटं खुपसली, बटण लागेना. फुलं ओरबाडून दाबेपर्यंत त्यांचं मधलं बोट ठेचलं, नख गेलं.

पट्टी बांधलेल्या हाताने त्या परत आल्या. लाइन बंद होती. त्यांनी मला आपल्या जागी उभं केलं.

"उजवा हात रोलरवर ठेवा. आता बटण दाबा."

मी डावा हात ताणला. पोट मशीनला टेकलं.

"चाला की. सातच पावलं हायती."

सगळी लाइन बघत होती. मग वहिनींनी माझ्या डाव्या हाताला सहज पोचेल अशा जागी खडूने फुली मारली. "हितं. धक्का लागतो तर भोवती कडं बसवा."

त्याच दिवशी मी बटण तिथे बसवलं, कड्यासकट. आता रोज सकाळी काम सुरू होण्याआधी त्या ते बटण एकदा दाबून बघतात, माझ्याकडे पाहत. बोलत मात्र नाहीत.