साडूभाऊ आणि नकाशाचा कॉम्प्युटर

आमच्या साडूभाऊंइतकं सावकाश आजवर कुणी काही शिकलं असेल, असं मला वाटत नाही. परभणीच्या एका सरकारी कचेरीत ते नकाशे काढत. नव्वद सालानंतर तिथं नकाशे दुरुस्त करणारा कॉम्प्युटर आला आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडले. साडूभाऊंनी मात्र आधी त्याला हळदकुंकू लावलं आणि जाहीर केलं, "आठवड्याला एकच बटन. घाई केली की मशीन तरी बिघडतंय, न्हाईतर माणूस." पहिल्यांदा 'सेव्ह' शिकले. मग जे करतील ते सेव्ह. एकदा तर कोरा पडदाच सेव्ह करून चहाला गेले. पुण्याहून येणारा शिकवणारा पुढचं सांगू लागला, की हे हात जोडत, "बस झालं साहेब. आज पचायचं न्हाई."

मग रेघ काढणं, मग रेघ सरकवणं. सरावाला त्यांनी आपल्याच गावाचा, झरीचा, नकाशा घेतला. तिथं त्यांचं आणि धाकट्या भावाचं शेत लागून. बांधावरून दोघांत असा अबोला, की लग्नकार्यात पाठीला पाठ लावून जेवायचे. साडूभाऊंनी बांधाची रेघ अलगद भावाच्या शेतात ढकलली, पोटभर हसले आणि सवयीनं सेव्ह दाबलं. "कागदावर आलं न्हाई तवर गंमतच की!" ही गंमत तशीच छापायला जाणार आहे, हे त्यांना संध्याकाळी कळलं. केलेलं मागं घ्यायचं बटण पुढच्या आठवड्याचं होतं, पुण्याचा माणूस रजेवर होता, आणि बाकीच्यांनी घाईत इतकी बटणं शिकली होती की नेमकं कोणतं ते एकालाही सांगता येईना. जुना कागदी नकाशा काढला, तर तो नेमका तिथंच घडीवर फाटलेला.

"पावनं, भावाची जमीन खाल्ली म्हणतील मला," साडूभाऊ अगदी रडवेले झाले होते.

दुसऱ्या दिवशी मोजणीची साखळी घेऊन आम्ही झरीला गेलो. हुरड्याचे दिवस होते, म्हणून मी एका शब्दात तयार झालो. साखळीचं एक टोक माझ्या हातात देऊन साडूभाऊ हद्दीचा दगड शोधू लागले. दगड ज्वारीत कुठं गडप झाला होता देव जाणे. पलीकडून भाऊ बराच वेळ बघत होता. शेवटी आला, माझ्या हातातून टोक ओढून घेतलं आणि म्हणाला, "तिकडं न्हाई दादा, दगड इकडं हाय."

"मग धर की नीट! ढिली सोडायलास," साडूभाऊ खेकसले.

मोजणी झाल्यावर त्याच बांधाला आगटी पेटवून तिघांनी हुरडा खाल्ला. नकाशा दुरुस्त झाला. साडूभाऊ जाऊनही आता बरीच वर्षं झाली, आणि मला त्यांची फार आठवण येते. हुरडा आला की त्यांचा भाऊ मला हटकून बोलावतो. आम्ही दोघंच असतो, पण कणसं तो अजून तिघांपुरती भाजतो.