साठीतलं लर्निंग लायसन्स

नोकरीत असताना किस्से घडायचे, पण सांगायला वेळ नसायचा. रिटायर झाल्यावर वेळच वेळ, आणि किस्से मात्र बंद होतील असं मला वाटलं होतं. कसलं काय! आमच्या शाळेच्या रिटायर्ड कंपूत गेल्या तीन वर्षांत इतके किस्से जमलेत की कुठला आधी सांगू आणि कुठला नंतर, असं होतं. चहा गार करू नका. ऐका.

कंपू छोटासाच. मी भिवंडीतल्या एका मराठी शाळेत हेडक्लार्क होते. गणिताच्या जोशीबाई, पीटीचे सावंतसर आणि आमची शिपाई मंदा, असे आम्ही चौघं.

*

सुरुवात झाली मंदाच्या निरोप समारंभात. शाल झाली, श्रीफळ झालं. जो तो उठून सांगत होता, "मंदाताई, आता आराम करा, नातवंडं खेळवा, देवाचं नाव घ्या." शेवटी हेडसर म्हणाले, "मंदाताई, दोन शब्द बोला."

मंदा माइकसमोर उभी राहिली. म्हणाली, "मना स्कूटी शिकायची हाय."

सगळा हॉल हसला. मंदा हसली नाही.

"माझी आय शहाऐंशी वर्षांची हाय. खारबाव स्टेशनापासून आत तीन किलोमीटरवर ऱ्हाते. गाडीची येळ जमली तं रिक्षा भेटत न्हाय, रिक्षा भेटली तं गाडी गेलेली! पोरगा मानकोलीला गोडाऊनमधी ड्युटीला. त्याला रविवार मोकला असंल तं मना नेतो. आता तिचं किती रविवार ऱ्हायलेत, कोनाला ठावं? मना वाटंल तवा जायचं हाय."

मग मागून जोशीबाईंचा आवाज आला, "मंदा, तुझ्याबरोबर माझंही नाव घाल!" मी मागे राहते की काय? माझंही घातलं.

*

जोशीबाईंचं आधी सांगायला हवं. रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी केसांचा डाय बंद केला. दोन महिन्यांत डोकं पांढरंशुभ्र! बाजारात एक जुनी पालक भेटली. म्हणाली, "अगंबाई, बाई, किती थकल्यात हो तुम्ही!"

"थकले होते ते दर पंधरा दिवसांनी केस रंगवून," बाई म्हणाल्या. "आता कुठे फ्रेश वाटतंय!"

लायसन्ससाठी मेडिकल सर्टिफिकेट लागतं, म्हणून आम्ही तिघी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी काळजीने विचारलं, "गुडघे दुखतात का?"

"चालताना दुखतात ना," जोशीबाई म्हणाल्या, "म्हणून तर गाडी शिकतेय!"

डॉक्टरांनी सही ठोकली.

*

शिकवायची जबाबदारी सावंतसरांची. वय सहासष्ट, गळ्यात अजून शिट्टी. मुलाची जुनी स्कूटी घेऊन रोज सकाळी सहाला शाळेच्या ग्राउंडवर हजर! एक शिट्टी म्हणजे स्टार्ट, दोन म्हणजे वळा, तीन म्हणजे ब्रेक.

पहिल्याच दिवशी मंदाने अ‍ॅक्सिलरेटर असा पिळला की गाडी सुसाट सुटली. सर शिट्टीवर शिट्टी मारतायत, त्यात किती एक आणि किती तीन, कुणाला कळणार? मंदा थेट लांब उडीच्या खड्ड्यात! गाडी वाळूत आडवी, मंदा वाळूत बसलेली. नशीब, खरचटलंही नाही.

आम्ही धावत गेलो. सरही धावले, पण आधी पीटीच्या खोलीत. बाहेर आले ते टेप घेऊन! वाकून मोजलं आणि गंभीरपणे जाहीर केलं, "साडेचार मीटर. शाळेचा रेकॉर्ड मोडलास, मंदा!"

*

असंच एकदा जोशीबाई सरांच्या अंगावर गाडी घेऊन आल्या. सर ओरडायला गेले आणि कवळीच बाहेर पडली. तरी हुशारी बघा, तिच्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून हात वर करून सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. मीच ती शोधून, नळाखाली धुऊन आणली. दुसऱ्या दिवशी सर कवळीशिवायच आले.

"अहो सर, दात?"

"घरी ठेवलेत. ते तरी सुरक्षित राहू देत!"

*

आता माझी फजिती. कामतघरच्या एका गल्लीत माझी गाडी बंद पडली. दोन्ही बाजूंनी लूमची खडखड, पुढे कापडाच्या ताग्यांचा टेम्पो, मागे रिक्षावाला हॉर्न दाबून बसलेला. गाडी काही चालू होईना. रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढलं, "मौसी, लायसन है क्या?"

"कच्चा है!" मी म्हटलं. "तू संभालके चला!"

बिचारा चक्क दोन हात मागे गेला.

*

मग आली पक्क्या लायसन्सची टेस्ट. मी पास, जोशीबाई पास. मंदाचा मात्र आठचा आकडा काढताना पाय टेकला. नापास!

घरी मुलगा म्हणाला, "आई, आता बस झालं. पडलीबिडलीस तर? मी नेतो ना रविवारी." तो वाईट नव्हता हो, काळजीच करत होता. पण मंदा चार दिवस ग्राउंडवर फिरकली नाही. मला इतकं वाईट वाटलं! माझं लायसन्स पर्समध्ये होतं, ते बाहेर काढायची लाज वाटायला लागली. जिच्यामुळे आम्ही शिकलो, तीच राहिली.

पाचव्या दिवशी सावंतसर तिच्या दारात उभे. "ग्राउंडवर फक्कीने आठ आखून आलोय. पाऊस यायच्या आत ये."

त्या दिवसापासून रोज चाळीस आठ. मी कठड्यावर बसून मोजायचे.

महिन्याभराने पुन्हा टेस्ट. आरटीओचे साहेब म्हणाले, "मावशी, आलात पुन्हा? एवढी घाई कसली?"

"मना न्हाय घाई, सायेब. माझ्या आयचं वय झालंय."

गाडी सुरू केली. एक आठ काढला, दुसरा काढला, तिसरा काढला. साहेब ओरडले, "मावशी, पास! पास झालात! थांबा आता!"

"थांबतंय," मंदा वळता वळता म्हणाली, "अजून सदतीस ऱ्हायलेत!"

*

आणि त्याच आठवड्यात आम्ही निघालो मंदाच्या आईकडे. वार मंगळवार! मंदाची नवी कोरी स्कूटी, पुढे मंदा, मागे मी. ट्रक बाजूने गेला की मी डोळे मिटायचे. मंदा मात्र ताठ. गावाच्या वेशीपाशी ती एकदा नुसतीच म्हणाली, "म्याडम, आज मंगलवार हाय," आणि पदराने डोळे पुसायला लागली. मी ओरडले, "अगं, आधी हँडल धर!"

आई ओटीवर वाल सोलत बसली होती. गाडी अंगणात थांबली तशी कपाळावर हात धरून बघायला लागली.

"कोन गो? मंदी? आज तं रविवार न्हाय. पोरगा कुठं हाय?"

"तो ड्युटीला गेलाय. मीच आले, आये. माझी गाडी हाय."

म्हातारी उठली. गाडीभोवती एक चक्कर मारली. सीटवर हात फिरवला. मंदाने लायसन्स पुढे केलं, तर ते उलटसुलट करून माझ्या हातात दिलं. "वाच."

मी वाचलं. नाव वाचलं, जन्मतारीख वाचली. "म्हणजे साठ पूर्ण, आजी."

"साठ?" म्हातारीने मान हलवली. "मास्तरनं वाढवून लिवलं असंल. येवढी मोठी न्हाय ती."

मग मंदाकडे वळून म्हणाली, "चालव बघू. मना दाव."

मंदाने गाडी चालू केली. मी पुन्हा मागे बसणार, तोच म्हातारीने माझा दंड धरला आणि मला बाजूला केलं. लुगडं खोचलं, मंदाच्या खांद्याला धरलं आणि चढून बसलीसुद्धा!

"आजी, अहो सांभाळून! पडाल!"

"मी कशाला पडतंय?" म्हातारी माझ्यावरच डाफरली. "पोर नवी हाय. ती पडली तं धराया मागं कोन तरी नको?"